वारंवार ‘नेट गेलं’? दोष आतल्या डब्याचाही असू शकतो. वाढत्या कार्यालयासाठी नेटवर्क स्विच कसा निवडावा

गोंदिया : धान खरेदीचा हंगाम सुरू झाला की केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. शेतकरी सातबारा, आधार आणि बँक पासबुक घेऊन खिडकीशी उभा असतो. आतून आवाज येतो, ‘नेट नाही जी, थोडा वेळ थांबा.’ मग अर्धा दिवस जातो. कधी पूर्ण दिवस जातो आणि ट्रॅक्टरचे भाडे चढत राहते.

खापर बहुतेक वेळा नेट देणाऱ्या कंपनीवर फुटते. अनेकदा ते खरेही असते. पण कधीकधी बाहेरून येणारी लाइन चांगली असते आणि अडचण असते ती कार्यालयाच्याच कपाटामागे. तिथे धुळीने भरलेला, एकाला एक जोडत नेलेला आठ पोर्टचा डब्बा गरम होऊन लटकत असतो. त्या डब्याला स्विच म्हणतात. टेबलावरच्या संगणकासाठी चार ठिकाणी भाव विचारले जातात, स्विच मात्र ‘जो मिळेल तो आण’ म्हणून येतो.

गोंदियासह तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांत पतसंस्था, सेवा सहकारी संस्था, राईस मिल, शाळा आणि ग्रामपंचायतींचे काम ऑनलाइन झाले आहे. दोन संगणकांचे ऑफिस दहा संगणकांचे झाले, वर कॅमेरे आले, वायफाय आले, अंगठ्याची हजेरी आली. अशा कार्यालयाने स्विच घेताना काय पाहावे, याची ही माहिती.

स्विच नेमका करतो काय?

कार्यालयातील सर्व संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे यांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. राउटर बाहेरचे इंटरनेट आत आणतो, तर स्विच आतल्या यंत्रांना एकमेकांशी आणि राउटरशी जोडतो.

पूर्वी या कामाला ‘हब’ वापरत. हब म्हणजे गावात दिलेली दवंडी. निरोप एकाचा असला तरी ऐकावा सगळ्यांना लागे. स्विच हा पोस्टमन आहे. कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे तो लक्षात ठेवतो आणि निरोप त्याच दारात टाकतो. त्यामुळे एकाच वेळी चार जणांचे काम सुरू असले तरी ते एकमेकांच्या आड येत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी केंद्राची भारतनेट योजना आहे. राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. पण कोणत्याही फायबरची जबाबदारी इमारतीत बसवलेल्या पेटीपाशी संपते. तिथून टेबलापर्यंतचा शेवटचा तुकडा कार्यालयाने स्वतःच सांभाळायचा असतो.

दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल

पहिले काम मोजणीचे. समजा, एका सेवा सहकारी संस्थेच्या कार्यालयात ९ संगणक, ३ प्रिंटर, १ हजेरीचे यंत्र, १ सर्व्हर, १ कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारी पेटी आणि १ राउटर आहे. हे झाले १६ पोर्ट. शिवाय ६ कॅमेरे आणि २ वायफायची यंत्रे, म्हणजे आणखी ८. एकूण २४.

इथेच पहिली चूक होते. ‘२४ लागतात ना, मग २४ चा आण.’ म्हणजे लावल्या दिवशीच स्विच भरला. सहा महिन्यांनी नवा लिपिक आला की त्याच्यासाठी पाच पोर्टचा छोटा डब्बा टेबलाखाली बसतो. त्यालाच पुढे आणखी एक जोडला जातो. वर्षभरात कोणती तार कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

आजच्या मोजणीवर किमान पाव भाग वाढवून धरावा. वरच्या उदाहरणात १६ चे २० होतात, म्हणून संगणकांसाठी २४ पोर्टचा स्विच. ८ चे १० होतात, म्हणून कॅमेरे आणि वायफायसाठी तारेतून वीज देणारा १६ पोर्टचा वेगळा स्विच. दोन्ही स्विच एकमेकांना जोडण्यासाठीही एकेक पोर्ट जातो, तोही मोजावा.

‘एकच ४८ पोर्टचा मोठा घेतला तर?’ असा प्रश्न येतो. जागा कमी लागते, सांभाळायला एकच पेटी, हे खरे. पण ती बंद पडली की सगळे कार्यालय एकदम बंद. दोन स्विच असतील तर एक गेल्यावर खिडकीवरचे दोन संगणक तरी दुसऱ्यावर हलवता येतात. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीला माणूस येईपर्यंत तेवढ्यावर रांग पुढे सरकते.

वेग : १०० की १०००?

बाजारात दोन प्रकार सर्रास मिळतात. एक सेकंदाला १०० मेगाबिटचा आणि दुसरा १००० मेगाबिटचा, म्हणजेच गिगाबिट. ‘आपलं इंटरनेटच १०० चं आहे, मग गिगाबिट कशाला?’ हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. पण कार्यालयातली बरीच वाहतूक बाहेर जातच नाही. सर्व्हरवरची खाती, प्रिंट, रोजचा बॅकअप हे सगळे आतल्या आत फिरते.

हिशेब सोपा आहे. १० जीबीचा बॅकअप १०० मेगाबिटच्या स्विचवरून घ्यायला किमान सव्वातेरा मिनिटे लागतात. गिगाबिटवर तेच काम दीड-दोन मिनिटांत होते. त्यामुळे संगणकांसाठी आज गिगाबिटच घ्यावा.

कॅमेऱ्यांचे गणित वेगळे आहे. चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण ४ ते ६ मेगाबिट वापरतो. सहा कॅमेऱ्यांचे मिळून ३०-३५ होतात. त्यांच्या पोर्टचा वेग १०० असला तरी चालतो. मात्र त्या स्विचला मुख्य स्विचशी जोडणारा पोर्ट गिगाबिटच हवा, कारण सगळी वाहतूक त्या एकाच वाटेने जाते.

माहितीपत्रकात ‘स्विचिंग क्षमता’ हा आकडा असतो, तोही पडताळता येतो. २४ गिगाबिट पोर्ट एकाच वेळी दोन्ही दिशांना पूर्ण वेगाने चालायचे तर २४ गुणिले २, म्हणजे ४८ गिगाबिट क्षमता लागते. आकडा त्याहून कमी दिसला तर सगळे पोर्ट एकदम भरल्यावर स्विच दमणार, हे समजावे.

दिवसा सुरू, रात्री बंद : वॅटचा घोळ

नेटवर्कच्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज देण्याच्या सोयीला ‘पीओई’ म्हणतात. वेगळा प्लग लागत नाही, अ‍ॅडाप्टर लागत नाही. सोय चांगली, पण इथेच सर्वात जास्त फसगत होते.

या सोयीचे ठरलेले दर्जे आहेत. २००३ च्या ८०२.३ एएफ दर्जात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. २००९ च्या एटी दर्जात ३० वॅट आणि २०१८ च्या बीटी दर्जात ६० ते ९० वॅट. तारेत थोडी वीज खर्च होते, म्हणून एएफमध्ये समोरच्या यंत्राला १२.९५ वॅट आणि एटीमध्ये २५.५ वॅटचीच खात्री असते.

प्रत्येक पोर्टची ही मर्यादा झाली. खरा आकडा असतो तो पूर्ण स्विचचा, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून तो किती वॅट देऊ शकतो. खोक्यावर ‘८ पोर्ट पीओई’ ठळक लिहिलेले असते आणि ‘एकूण ६० वॅट’ बारीक अक्षरात.

वरच्याच कार्यालयाचे उदाहरण घेऊ. दिवसा एक कॅमेरा ४ वॅट घेतो असे धरले तर सहांचे २४ होतात. दोन वायफाय यंत्रांचे ३० धरले तर एकूण ५४. साठ वॅटचा स्विच आरामात चालतो. बसवणारा चाचणी दाखवून, पैसे घेऊन जातो. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागतात आणि प्रत्येकी खर्च ८ वॅटवर जातो. आता कॅमेऱ्यांचेच ४८, वायफायसह ७८. स्विचला हा भार झेपत नाही आणि तो एक-दोन पोर्टची वीज तोडतो. गोदामात चोरी होण्याची भीती रात्रीच असते आणि नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा होतो.

म्हणून प्रत्येक यंत्राचा जास्तीत जास्त वॅटचा आकडा त्याच्या पाठीवरून लिहून घ्यावा, बेरीज करावी आणि वर पाव भाग धरावा. इथे ७८ चे सुमारे ९८ होतात, म्हणजे १२० वॅटच्या आसपासचा स्विच योग्य. आणि कॅमेऱ्यांची चाचणी संध्याकाळी सातनंतर घ्यावी, त्याआधी बिल देऊ नये.

आणखी एक सावधगिरी. काही स्वस्त पेट्या समोरचे यंत्र कोणते हे न विचारताच तारेत वीज सोडतात. त्यांना ‘पॅसिव्ह’ पीओई म्हणतात. अशा पेटीवर चुकीचे यंत्र लागले तर ते जळू शकते. एएफ किंवा एटी दर्जाचा स्विच आधी विचारतो आणि मगच वीज देतो. बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

साधा की सेटिंगवाला?

साधा स्विच म्हणजे ‘अनमॅनेज्ड’. तारा लावा आणि विसरा. चार-सहा यंत्रांच्या कार्यालयाला तो पुरतो. दहाच्या वर गेले, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय आले की सेटिंग करता येणारा स्विच घ्यावा. त्यात ‘स्मार्ट’ म्हणजे मोजक्या सेटिंगचा आणि ‘मॅनेज्ड’ म्हणजे पूर्ण सेटिंगचा, असे दोन प्रकार आहेत. बहुतेक तालुका पातळीवरच्या कार्यालयांना स्मार्ट पुरेसा असतो. त्यात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत.

पहिली, फेऱ्यापासून बचाव. साफसफाईत एक तार निघते. कोणीतरी चांगल्या मनाने ती रिकाम्या पोर्टात खोचतो आणि तिची दोन्ही टोके एकाच स्विचला लागतात. मग तीच ती दवंडी गोल गोल फिरत राहते, क्षणात सगळे पोर्ट भरतात आणि पूर्ण कार्यालय ठप्प होते. साध्या स्विचवर हे शोधायला अर्धा दिवस जातो. अशा फेऱ्यांवरचा उपाय अमेरिकेतील अभियंत्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला. ‘स्पॅनिंग ट्री’ नावाची ती सोय चालू असेल तर स्विच फेरा ओळखतो आणि तो पोर्ट स्वतःच बंद करतो.

दुसरी, व्हीलॅन. एकाच स्विचमध्ये न दिसणाऱ्या भिंती उभ्या करण्याची ही सोय आहे. खात्यांचे संगणक एका खोलीत, कॅमेरे दुसऱ्या खोलीत, पाहुण्यांचे वायफाय तिसऱ्या खोलीत. बाहेर बसलेल्या माणसाला वायफायचा पासवर्ड दिला म्हणून तो ठेवीदारांच्या खात्यांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता कामा नये. पतसंस्थेसाठी ही चैन नाही, गरज आहे. मात्र राउटरलाही व्हीलॅन समजत असला पाहिजे, नाहीतर सेटिंग अर्धवट राहते.

शंभर मीटरची वेस

तांब्याच्या नेटवर्क तारेला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यापलीकडे सिग्नलचा भरवसा नाही. राईस मिलचे ऑफिस फाटकाशी आणि गोदाम मागच्या टोकाला असेल तर तार वळणे घेत सहज शंभराच्या वर जाते. अंतर जमिनीवर मोजू नये. भिंत, छत आणि वळणे धरून मोजावे.

दुसऱ्या इमारतीत जायचे असेल तर अंतर कमी असले तरी फायबरच टाकावे. कारण विजांचे. मान्सूनच्या तोंडावर जिल्ह्यात कडाडणाऱ्या विजा नव्या नाहीत. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टांगली की जवळ पडलेल्या विजेचा झटका त्याच वाटेने दोन्हीकडचे स्विच, कॅमेरे आणि संगणक घेऊन जातो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. मात्र फायबरची केबल पोलादी कवचाची किंवा आधाराच्या तारेची असेल तर ते धातू स्विचच्या पेटीपर्यंत आणू नयेत.

यासाठी स्विच घेताना त्यावर एसएफपीच्या किमान दोन खाचा असाव्यात. फायबरचा छोटा मॉड्यूल त्यात बसतो. आज गरज नसली तरी खाच असू द्यावी. सिंगल मोड फायबर आणि योग्य मॉड्यूल असेल तर १० किलोमीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो, गोदामाचा तर प्रश्नच नाही.

तारही पारखून घ्यावी. अस्सल तांब्याऐवजी वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार ‘कॅट सिक्स’ म्हणून स्वस्तात विकली जाते. तिच्यातून पीओईची वीज नेली की ती जास्त तापते आणि लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत चंदेरी दिसले तर परत करावी.

जागा, ऊन आणि कोंडा

मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो. ऑफिसच्या बहुतेक स्विचना ४० ते ५० अंशांपर्यंतच चालवण्याची परवानगी कंपनी देते. टिनाच्या छताखाली, बंद कपाटात, दोन स्विच एकावर एक ठेवले तर आतली उष्णता त्याहून वर जाते. मग दुपारी दोनला ‘नेट जातं’ आणि संध्याकाळी आपोआप येतं. महिनाभर हेच चालले तर नेट कंपनीला फोन करण्याआधी स्विचला हात लावून पाहावा.

स्विच भिंतीवरच्या जाळीदार रॅकमध्ये बसवावेत. रॅकची उंची ‘यू’ मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. वरच्या उदाहरणाला दोन स्विच, तारांचा पॅच पॅनल, राउटर आणि रेकॉर्डर धरून ९ यू चा रॅक बरा. ६ यू चा घेतला तर हवा खेळायला जागा उरत नाही.

राईस मिलमध्ये कोंड्याची धूळ हा वेगळाच शत्रू. पंखा असलेला स्विच ती धूळ आत ओढतो. अशा जागी बिनपंख्याचा, धातूच्या पेटीचा स्विच घ्यावा आणि रॅक मिलच्या शेडमध्ये न लावता ऑफिसच्या खोलीत लावावा. तारा शिरण्याची भोकेही बुजवावीत. उंदीर आणि पाली उबेला येतात.

विजेचा हिशेबही आधीच करावा. दोन स्विच, राउटर, रेकॉर्डर आणि पीओईचा भार मिळून १५० वॅट धरले, तर १५० एएचच्या चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर साधारण सहा-सात तास चालतो. फक्त संगणकाला यूपीएस आणि स्विचला काहीच नाही, अशी मांडणी निरुपयोगी. संगणक सुरू राहतो, नेट मात्र वीज गेल्या क्षणी जाते. रॅकला अर्थिंग द्यावे आणि ते खरेच जमिनीत गेले आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

खरेदी आणि कागद

सरकारी कार्यालयांसाठी २०१६ पासून जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल आहे. सहकारी संस्था आणि खासगी मिल कोटेशन मागवतात. वाट कोणतीही असो, मागणीपत्रात फक्त ‘२४ पोर्ट स्विच १ नग’ असे लिहू नये. तसे लिहिले तर सर्वात स्वस्त वस्तू येते आणि तक्रारीला जागा उरत नाही. पोर्टची संख्या, वेग, एकूण पीओई वॅट, पीओईचा दर्जा, एसएफपी खाचा, व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री, कमाल तापमान आणि वॉरंटीची वर्षे हे सगळे लिहावे.

वॉरंटीचा प्रश्न गावाकडे जास्त महत्त्वाचा. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून पेटी पाठवायची तर जाणे-येणे आणि दुरुस्ती यांत पंधरा दिवस कसेही जातात. तोवर काय, हे आधी ठरवावे. आठ पोर्टचा एक साधा गिगाबिट स्विच कपाटात राखीव ठेवला तर खिडकीवरची कामे त्याच दिवशी सुरू होतात.

बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. एक, कोणती तार कोणत्या पोर्टला याचा नकाशा आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या. दोन, स्विच, राउटर आणि कॅमेऱ्यांचे पासवर्ड, तेही कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड बदलून. तीन, सेटिंगची जतन केलेली फाइल. हे सगळे बंद पाकिटात सचिवाच्या किंवा मुख्याध्यापकाच्या ताब्यात असावे. ‘पासवर्ड त्या पोराकडे आहे, तो आता पुण्याला गेला’ ही तक्रार जुनीच आहे.

थोडक्यात

- आजचे पोर्ट मोजा, वर पाव भाग धरा.
- संगणकांसाठी गिगाबिट. दोन स्विचमधला दुवाही गिगाबिट.
- पीओईचे वॅट रात्रीच्या भारावर मोजा, चाचणी अंधार पडल्यावर घ्या.
- दहाच्या वर यंत्रे असतील तर व्हीलॅन आणि स्पॅनिंग ट्री असलेला स्विच.
- १०० मीटरच्या वर किंवा दुसऱ्या इमारतीत फायबर.
- जाळीदार रॅक, अर्थिंग, स्विचलाही बॅटरी.
- नकाशा, पासवर्ड आणि एक राखीव स्विच कार्यालयातच.

आणि ‘नेट गेलं’ अशी हाक आली की आधी स्विचकडे पाहावे. एकही दिवा लागलेला नसेल तर वीज किंवा अ‍ॅडाप्टर. एकाच पोर्टचा दिवा बंद असेल तर ती तार. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर कुठेतरी फेरा. सगळे ठीक असेल आणि राउटरवर इंटरनेटचा दिवा लाल असेल, तरच कंपनीला फोन. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘उद्या या जी’ सांगण्याआधी तेवढी दोन मिनिटे द्यायला हरकत नाही.